उत्तर हवं असतं, शहाणपण नको असतं

प्रार्थनासभेत सगळ्यात जास्त येणारी विनंती कुठली? आजारपण सोडलं तर माझ्या मते हीच: "मार्गदर्शनासाठी प्रार्थना करा." नोकरी बदलायची आहे, स्थळ आलंय, घर घ्यायचं की थांबायचं, मुलीला कुठल्या शाखेला घालायचं. मागणी रास्त आहे, मीही "आमेन" म्हणते. पण नीट कान दिला तर जाणवतं की बऱ्याचदा आपण मार्गदर्शन मागतच नसतो. आपल्याला उद्याची बातमी आज हवी असते. कुठला निर्णय घेतला म्हणजे पस्तावायची वेळ येणार नाही, एवढं प्रभूने हळूच सांगावं, बाकीचं आमचं आम्ही बघतो!

"तुमच्यापैकी कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने ते देवाजवळ मागावे." नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं हे वचन, 1:5. संडे स्कूलपासून पाठ. पण हे वचन आलंय कुठे ते बघा. त्याच्या आधीच्या ओळींत नानाविध परीक्षा आहेत, विश्वासाची पारख आहे, धीर धरणं आहे. म्हणजे संकटात सापडलेल्या आणि आता वागायचं कसं हे कळेनासं झालेल्या माणसांना याकोब हे सांगतोय. आणि दोन अध्याय पुढे गेलं की वरून येणारं ज्ञान ओळखायचं कसं, तेही त्याने लिहून ठेवलंय. ते शुद्ध असतं, शांतिप्रिय असतं, सौम्य असतं, दुसऱ्याचं ऐकून घेणारं असतं, दयेने भरलेलं असतं, पक्षपात करत नाही, ढोंग करत नाही. या यादीत पुढे काय होणार याबद्दल एक अक्षर नाही. सगळी लक्षणं माणसांशी वागण्याची.

आमच्याच घरातलं सांगते. सासूबाई गेल्यानंतर बाबांनी कुणाकडे राहायचं, हा प्रश्न आला. आम्ही तिघी जावा, तिघे भाऊ. सगळे विश्वासात, सगळे रोज गुडघ्यावर. "प्रभू, मार्ग दाखव" ही प्रार्थना तिन्ही घरांत चालू. फॅमिली ग्रुपवर वचनं पडत होती आणि त्या वचनांच्या आडून प्रत्येक जण आपापली अडचण मांडत होता. कुणाची बदली व्हायची होती, कुणाकडे खोली कमी, कुणाच्या मुलांची परीक्षा. मग एका रविवारी सगळे बाबांकडे जमलो. धाकट्या जावेने याकोबाचा तिसरा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटून सरळ विचारलं, "बाबांना कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. बाबा शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. विचारल्यावर म्हणाले, "मला माझ्याच घरात राहायचंय. रात्री सोबतीला कुणी असलं म्हणजे झालं. दिवसाचं माझं मी बघतो." दहा मिनिटांत पाळ्या ठरल्या.

आता याला कुणी देवाची वाणी म्हणेल का? आकाशातून आवाज आला नाही, कुणाला स्वप्न पडलं नाही. पण "ऐकून घेणारं" हे लक्षण त्या यादीत अगदी ठळक आहे, आणि ते त्या दिवशी धाकटीच्या तोंडून आमच्या घरात आलं. माझ्यासाठी हे मार्गदर्शनच.

इस्राएलाचा राजा शलमोन, त्याचंही तसंच. देव स्वप्नात म्हणाला, काय हवं ते माग. त्याने लोकांचा न्याय करता यावा, बरं-वाईट ओळखता यावं, असं मन मागितलं. ते मिळाल्यावर शास्त्रात पहिला प्रसंग कुठला येतो? एक तान्हं मूल आणि त्याच्यासाठी भांडणाऱ्या दोन बायका. समाजाने ज्यांना दारात उभं केलं नसतं अशा बायका. देवाने त्याला खरी आई कोण हे कानात सांगितलं, असं तिथे लिहिलेलं नाही. त्याने दोघींचं म्हणणं ऐकलं, आणि आईचं काळीज कशाने उघडं पडेल हे त्याला सुचलं.

आता जरा कडू बोलते. "प्रभूने मला सांगितलं" हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार स्वस्त झालंय. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. मुलाने एका संध्याकाळी फोन करून सांगितलं, "मी उपास करून प्रार्थना केली, ही प्रभूची इच्छा नाही असं त्याने मला दाखवलं." फोन ठेवला. विषय संपला. ती मला म्हणाली, "अगं, माझं मन बदललं असं म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. आता भांडू कुणाशी, देवाशी?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लग्न मोडायचा त्याला हक्क होता. पण आपल्या निर्णयाची जबाबदारी देवाच्या नावावर टाकून मोकळं व्हायचा नव्हता. दहा आज्ञांमधली तिसरी, देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची, आपण शिवीगाळीपुरती राखून ठेवलीय. मला वाटतं ती इथेही लागू पडते.

आणि खरोखर आत्म्याने भरलेल्या माणसांनासुद्धा एकसारखंच ऐकू येतं असं नाही. प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये प्रेषित पौल म्हणतो, मी आत्म्याने बद्ध होऊन यरुशलेमेस जातोय. पुढच्याच अध्यायात सोर शहरातले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने त्याला सांगतात, जाऊ नको. अगब संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, तिथे तुला असंच बांधतील म्हणून. सगळे रडतात, विनवतात. पौल ऐकत नाही. शेवटी ते म्हणतात, "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो," आणि गप्प राहतात. कुणी कुणाला अविश्वासू ठरवलं नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं, कुणाचंच झाकलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खुणा मागणाऱ्यांचा लाडका माणूस म्हणजे गिदोन. रात्री अंगणात लोकर टाकून त्याने देवाकडे खूण मागितली: लोकर ओली, जमीन कोरडी. मग लोकर कोरडी, जमीन ओली. पण शास्ते या पुस्तकाचा 6 वा अध्याय नीट वाचला तर दिसतं की काय करायचं हे त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर टाकली ती भीतीपोटी. देवाने त्याची भीती सांभाळून घेतली ही देवाची दया. ती पद्धत म्हणून शिकवायची गोष्ट नव्हे.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या मोठ्या देवमाणसाचीही एक गोष्ट आहे. 1737 साली तो अमेरिकेत जॉर्जियामध्ये मिशनरी होता आणि सोफिया हॉपकी या तरुणीत त्याचा जीव गुंतला होता. लग्न करावं की नाही, ठरेना. शेवटी मार्च महिन्यात त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने तीन चिठ्ठ्या केल्या: लग्न कर, यंदा विचार करू नको, पुन्हा विचारच करू नको. प्रार्थना करून चिठ्ठी उचलली. तिसरी निघाली. त्याने ती देवाची इच्छा म्हणून मान्य केली. काही दिवसांतच सोफियाने दुसऱ्याशी लग्न केलं. गोष्ट इथे संपली असती तर चिठ्ठ्यांचं कौतुक करता आलं असतं. पण ऑगस्टमध्ये वेस्लीने तिला प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) नाकारलं, तिच्या नवऱ्याने खटला भरला, गावात दोन तट पडले आणि वर्ष संपायच्या आत वेस्लीला जॉर्जिया सोडावं लागलं. चिठ्ठीने त्याला "नाही" हे उत्तर दिलं. ते "नाही" पचवून त्या बाईशी आणि तिच्या नवऱ्याशी कसं वागायचं, हे चिठ्ठीत कुठून येणार? (वेस्लीची मी निंदा करत नाही. पुढे प्रभूने त्याला किती वापरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

चिठ्ठ्या आपण टाकत नसू. पण डोळे मिटून बायबल उघडणं, बोट पडेल ते वचन घेणं, हे चिठ्ठीचंच भावंड. यिर्मया 29:11 तर आपण इतक्यांदा आपापल्या मुलाखतींना आणि व्हिसाला लावलंय! "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत" हे बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबा म्हटलंय. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटकेची तारीख विचारणाऱ्यांना देवाने दिलेलं मार्गदर्शन हे असं, रोजच्या जगण्याचं.

यिर्मयाचाच 42 वा अध्याय माझा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात टोचणारा. यरुशलेम पडलंय, उरलेले लोक भेदरलेत. ते संदेष्ट्याकडे येतात: आमच्यासाठी प्रार्थना कर, बरं असो वा वाईट, परमेश्वर सांगेल ते आम्ही ऐकू. यिर्मया दहा दिवस थांबतो. दहा दिवसांनी उत्तर येतं: इथेच राहा, मिसरात जाऊ नका. आणि हे लोक म्हणतात, तू खोटं बोलतोस! त्यांचं जायचं आधीच ठरलेलं होतं. देवाकडून त्यांना फक्त शिक्का हवा होता.

ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचा जॉर्ज म्युलर म्हणायचा की एखाद्या बाबतीत स्वतःची इच्छाच उरू नये अशा स्थितीत मन आणायचं, तिथेच दहातल्या नऊ अडचणी सुटतात. मोठा माणूस, मोठं बोलणं. माझ्याच्याने होत नाही, खरं सांगते. माझी इच्छा असतेच आणि चांगली घट्ट असते. मला वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना जास्त जवळची वाटते. येशूने आपली इच्छा लपवली नाही. हा प्याला माझ्यावरून टळून जावो, हे तो आधी बोलला. "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे त्यानंतर. म्हणून मीही हल्ली प्रार्थनेत पहिल्यांदा सरळ सांगून टाकते: प्रभू, मला हे हवंय, या या कारणासाठी हवंय, आणि त्यातलं एक कारण हलकट आहे. एवढं बोललं तरी डोकं बरंच निवळतं.

मग रोजच्या दिवसात काय? रोज काही नोकरी बदलायची नसते. रोज असतो तो साहेबाचा तिरकस मेल, मुलाने खोटं बोललेलं पकडल्यानंतरचा तो क्षण, नणंदेचा फोन. मेलला उत्तर टाइप करून होतं, बोट बटणावर असतं. मी तिथे त्या यादीतला एकच शब्द विचारते: सौम्य आहे का? नसलं तर ड्राफ्टमध्ये ठेवायचं आणि पाणी पिऊन यायचं. याला कुणी साक्ष म्हणून उपासनेत उभं राहून सांगत नाही. पण वचन रोज वाचून, शहाण्या माणसांत बसून, "तुझं चुकतंय" म्हणणारी एक तरी व्यक्ती जवळ ठेवून जी नजर तयार होते, तीच मोठ्या निर्णयाच्या दिवशी कामाला येते. आदल्या रात्री उपास धरून ती येत नाही.

"आणि तरीही चुकीचं ठरवलं तर?" हा प्रश्न मला तरुण मुलं फार विचारतात. देवाची योजना हुकली, आता उरलंसुरलं आयुष्य दुसऱ्या प्रतीचं, अशी भीती त्यांच्या मनात घर करून असते. त्यांना मी यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय वाचायला सांगते. गिबोनी लोक फाटके जोडे, ठिगळं लावलेले द्राक्षारसाचे बुधले आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन येतात, आम्ही फार दुरून आलो म्हणतात. इस्राएलाचे पुढारी त्या भाकरी तपासून बघतात आणि करार करतात. परमेश्वराला विचारत नाहीत; तसं स्पष्ट लिहिलंय. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारचेच, ज्यांच्याशी करार करायला मनाई होती असे. लोक कुरकुरतात. पण पुढारी म्हणतात, परमेश्वराच्या नावाने शपथ वाहिलीय, मोडता येणार नाही. (शब्द दिलाय म्हणून घरातली फसवणूक, मारहाण सोसत बसा असा अर्थ यातून कुणी काढू नका. ती वेगळी गोष्ट, तिथे मदत मागायची आणि बाहेर पडायचं.)

पुढचा अध्याय मात्र वाचल्याशिवाय थांबू नका. पाच राजे मिळून त्याच गिबोनावर चालून जातात. गिबोनी निरोप धाडतात, आम्हाला वाचवा. फसवून केलेला करार, हात झटकायला याहून चांगली संधी नव्हती. इस्राएलाचा पुढारी यहोशवा रातोरात त्यांच्या मदतीला चालून जातो. आणि सूर्य गिबोनावर थांबला तो याच लढाईत. न विचारता दिलेल्या शब्दाला जागण्यासाठी चाललेल्या लढाईत.