गटाराच्या झाकणावरचा संत

कोबुर्गला राहायला आलो त्याच आठवड्यात लेकीनं विचारलं, "बाबा, हे काका सगळीकडे का आहेत?" तिचं बोट रस्त्यातल्या गटाराच्या झाकणाकडे होतं. ओतीव लोखंडात एका आफ्रिकी माणसाचं डोकं. कुरळे केस, जाड ओठ, कानात बाळी. बव्हेरियातल्या आमच्या या गावाचं हेच बोधचिन्ह. सोनेरी ढालीवर काळं डोकं. इथले लोक त्याला 'मोर' म्हणतात, म्हणजे काळ्या माणसासाठीचा जुना जर्मन शब्द. (पिसारा शोधू नये, मीही शोधला होता.)

हे काका म्हणजे गावाचे रक्षणकर्ते संत मॉरित्स, इजिप्तकडून आलेल्या रोमन पलटणीचे सेनानी. श्रद्धेपायी जीव गमावला, अशी आख्यायिका. बाजारचौकातल्या नगरभवनावरही ते उभे आहेत. त्यांच्या हातातल्या दंडाएवढा, म्हणजे ३१ सेंटिमीटर लांब, कोबुर्गचा सॉसेज असावा, असं सांगतात. गावकऱ्यांचं संतावरचं प्रेम हे असं, पोटातून आलेलं.

१९२९ मध्ये नगरसभेत नाझींना बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं गाव हेच. १९३४ मध्ये त्यांनी या संताला हटवलं आणि ढालीवर तलवार आणली, मुठीवर स्वस्तिक. काळा माणूस गावाचा चेहरा कसा, हीच त्यांची अडचण. युद्ध संपल्यावर संत परत आले.

२०२० मध्ये हे चित्र वंशवादी आहे, काढा, अशी ऑनलाइन मागणी झाली. लगेच उलट मागणीही आली.

हे मी गावाकडच्या ग्रुपवर लिहिलं. मी औरंगाबादचा, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरचा. धाकटा मामेभाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे बदलणारे सगळे नाझीच का रे?" काकांनी उत्तर दिलं, "मग नाव बदललं की इतिहास पुसला म्हणून रडता कशाला?" दोघांनीही मला आपापल्या बाजूला ओढलं. मला ही तुलनाच पटत नाही. नावाची पाटी वेगळी, चेहऱ्याचं चित्र वेगळं. पण आपल्याकडे पाटीवर काय आहे ते सोडून ती कोणी लावली यावरच भांडण संपतं, हे खरं.

कोबुर्गमध्येही तेच चाललंय असं मला वाटतं. 'नाझींनी काढलं होतं, म्हणून आता हात लावायचा नाही' हा युक्तिवाद ऐकायला भारी, पण अर्धाच. जर्मनीतल्याच माक्डेबुर्ग शहराच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला मॉरित्सचा पुतळा आहे. चिलखत घातलेला, रुबाबदार आफ्रिकी शिपाई. पाथरवटाला जे साडेसातशे वर्षांपूर्वी जमलं, ते आमच्या झाकणावरच्या चित्राला जमलेलं नाही. संत राहू द्या. चित्र नव्यानं काढा.

भायखळ्याच्या राणीबागेतल्या संग्रहालयाला पूर्वी व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं नाव होतं. १९७५ मध्ये ते भाऊ दाजी लाडांच्या नावे झालं. हा अल्बर्ट इथला, कोबुर्गच्या राजघराण्यातला. त्याचा संगमरवरी पुतळा मात्र आत तसाच उभा आहे.

लेक अजूनही झाकणावर पाय देत नाही. वळसा घालते, आणि चुकून लागलाच तर वाकून नमस्कार करते. शेजारच्या आजी खिडकीतून बघत असतात.