बाईमाणसानं बसायचं कुठे? पाचोऱ्याच्या ताईंना उत्तर

ताई,

खान्देशात उतरल्यावर कुठे जेवावं आणि कुठे मुक्काम करावा, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली, त्याला आता तीन आठवडे होतील. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. पहिली अशी: "शेवभाजीला खान्देशचा चेहरा करू नका. ती ढाब्याची भाजी. आमचं खरं जेवण घरात शिजतं." आणि दुसरी: "तुमच्या यादीतल्या एका तरी ठिकाणी बाई एकटी जाऊन निवांत बसू शकेल का? लेख पुरुषानं पुरुषांसाठी लिहिलाय. माझं माहेर पाचोऱ्याचं आहे, मला सांगू नका." उत्तर त्याच दिवशी देणार होतो, पण दुसरं वाक्य माझ्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं आणि हात थांबला.

ती म्हणाली, "दादा, त्या बरोबर बोलतायत." मग तिनं सांगितलं. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या परीक्षेसाठी ती आणि आई जळगावात रात्री उतरल्या होत्या. एका लॉजवर खोली मागितली, तर काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "सोबत पुरुष कोणी नाही का?" खोली रिकामी होती, पण मिळाली नाही. तिसऱ्या ठिकाणी दार उघडेपर्यंत साडेदहा वाजून गेले. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. मी त्याच रस्त्यावर पंचवीस वेळा राहिलो असेन आणि ‘स्वच्छ, स्वस्त, स्टेशनपासून जवळ’ एवढंच लिहून मोकळा झालो. तुमचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

म्हणून मागच्या पंधरवड्यात बहिणीला घेऊन पुन्हा निघालो. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे. मी आधी नुसता बाहेर उभा राहायचो. ती एकटी आत जायची, बसायची, मागायची.

शेवभाजीच्या ज्या दोन ठिकाणांचं मी सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं, तिथून ती पाच मिनिटांत बाहेर आली. कोणी काही बोललं नाही. बाकडी पुरुषांनी भरलेली, हात धुवायची जागा पार मागे अंधारात, आणि ती आत जाताच सगळ्यांचं बोलणं थांबलं. ही दोन्ही ठिकाणं मी लेखातून काढलेली नाहीत, चव तिथं आहेच. पण तिथलं बसणं कसं आहे, ते आता त्यांच्याखाली स्पष्ट लिहिलंय.

उलट अनुभव भरिताच्या दुकानांत आला. जळगावात थंडीच्या दिवसांत भरीत किलोवर विकतात. संध्याकाळी तिथं रांग लागते आणि रांगेत निम्म्याहून जास्त बायका. शाळेतून येणाऱ्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, डबा घेऊन आलेल्या आजी. बहिणीनं पाव किलो भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या घेतल्या, बाजूच्या बाकावर बसून खाल्ल्या, वर मालकाशी वाद घातला की कांद्याची पात कमी पडलीय. मी लेखात या दुकानांना दोन ओळी दिल्या होत्या. ती खरी चूक.

आता तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. तिथं मी निम्माच सहमत आहे.

भरीत घरचं, मळ्यातलं, हे अगदी खरं. बामणोद-भालोदकडची हिरवट-पांढरी, जाड गराची, कमी बियांची वांगी, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही. मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचलेली, वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. टोमॅटो नाही, लाल तिखट नाही. चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य असतं, चंपाषष्ठीला ते सुटतं आणि मग माघापर्यंत मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्या चालतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं.

पण ताई, मळा कोणाकडे असतो? तुमच्याकडे माहेर आहे. सुरत-भुसावळ गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत येणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, कोर्टाच्या तारखेला आलेला म्हातारा, भरतीची परीक्षा द्यायला आलेली मुलगी, यांचं इथं माहेर नाही. घरचं जेवण घरातच मिळतं असं म्हणून आपण दार लावलं, तर ही माणसं बिस्किटाच्या पुड्यावर रात्र काढतात. त्यांच्यासाठी गल्लीतली मेस हेच घर. धुळ्यात पाचकंदीलच्या मागच्या गल्ल्यांत, जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास अशा मेस आहेत. काही बायका आपल्या घराच्या पुढच्या खोलीतच चालवतात. सकाळी दहाच्या आत सांगून ठेवलं तर दुपारी वरण-बट्टी किंवा डाळगंडोरी मिळते, न सांगता गेलात तर पोळी-भाजी. एकीत बहीण जेवत होती. दुसरी भाकरी संपायच्या आत मावशी तव्यापासूनच विचारत होत्या, "आखो लागस का, माय?" (आणखी हवी का?) तिथं तिला परकं वाटलं नाही. अशा जागा शोधायचा एक साधा मार्ग तिनंच काढला: मेडिकल दुकानात किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारायचं की तुम्ही दुपारी डबा कुठून मागवता.

शेवभाजी ढाब्यांनी गाजवली हेही खरं, पण ती घरातही होतीच. उन्हाळ्यात भाजीपाला आटतो, जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपुढे जातो, अशा वेळी अचानक पाहुणा आला की डब्यातलं बेसन कामाला येतं. पातोडीचा रस्सा त्यातलाच, शेवेचाही. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आणि शेव अगदी ताटात वाढताना. आधी टाकली की लगदा होतो. तेलाचा तवंग ज्यांना सोसत नाही त्यांनी ‘तर्री कमी’ म्हणावं, सगळीकडे ऐकतात.

एक मात्र तुमचं ऐकून मी वाढवलंय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास खापरावरचे मांडे आणि आमरस. कोपरावर झेलत झेलत वाढवलेला तो मांडा कुठल्या हॉटेलच्या रोजच्या यादीत नसतो. ऑर्डर घेऊन करून देणाऱ्या बायका आहेत, दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं. आणि सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यातून जाताना रस्त्याकडेला कढईवरच केळी किसून सोडतात ते गरम वेफर्स. बाईमाणसाला तिथं थांबायला काहीच अडचण नाही, दिवसाढवळ्या सगळं कुटुंबच दुकानात असतं.

मुक्कामाचं मात्र मला अजून पुरतं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. बहिणीनं जे पाहिलं ते सांगतो. भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वेच्या विश्रांती खोल्या आहेत, त्या कन्फर्म किंवा आरएसी तिकिटावर आधी ऑनलाइन मिळतात. रात्री उशिरा उतरणाऱ्या बाईला स्टेशनाबाहेर पडायचंच नसेल तर तोच मार्ग बरा. लॉज बघायचा असेल तर उजेडात बघावा, फोनवर आधीच ‘दोघी बायका आहोत’ असं सांगावं, आणि काउंटरवरचा माणूस अडखळला की पुढे चालू लागावं. खोलीत गेल्यावर कडी आतून नीट लागते का, हे ती गादी बघण्याआधी बघते. मी कधी बघितलं नव्हतं. स्टँडच्या अगदी समोरच्या रांगेपेक्षा एक-दोन चौक आत, कुटुंबं राहतात अशा वस्तीतले लॉज तिला बरे वाटले, भाडं थोडं जास्त असलं तरी. अमळनेरात मात्र आम्हाला मनासारखी जागा मिळाली नाही आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो.

लेखाचं ‘खान्देशात खुशाल फिरा’ हे शीर्षक आज बदललं. प्रत्येक ठिकाणापुढे आता बहिणीची टीप आहे: उजेड, हात धुवायची जागा, स्वच्छतागृह, आणि ती तिथं किती वेळ बसली. पाचोऱ्याचा रकाना रिकामा आहे. तुमचं माहेर तिथलं. स्टेशनावर दुपारी एकटी उतरलेल्या मुलीला तुम्ही कुठे जेवायला पाठवाल, तेवढं लिहा. पुढच्या महिन्यात बहीण आणि मी तिथं जाऊन येऊ.