‘जरा स्टोअर्समध्ये येऊन बघा’ या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट आल्या आल्या वाचली होती, पण दोन ओळी खरडून सुटका करून घ्यावी असं वाटेना, म्हणून चार दिवस लागले. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कंपनीच्या खरेदीचं काम सॉफ्टवेअरवर गेलं की "कागद गेला, कटकट गेली". त्यावर, पंधरा वर्षं स्टोअर्समध्ये (माल मोजून घेणाऱ्या आणि ठेवणाऱ्या खात्यात) काढलेल्या तुम्ही, चांगलंच झापलंय मला. आधी इंडेंट (मालाची मागणी) तीन सह्यांत मार्गी लागायचा, आता पाच अ‍ॅप्रूव्हल लागतात, व्हेंडरचे (माल देणाऱ्याचे) पैसे उलट उशिरा जातात, लोक माल फोनवरच मागवतात आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) मागाहून "बनवतात", व्हेंडरशी जपलेले संबंध गेले, माणसं कमी होणार ती वेगळीच, आणि वर याने चोरी थांबते म्हणे, तीही थांबत नाही. शेवटी ते "ऑफिसात बसून लिहिणं सोपं असतं, जरा स्टोअर्समध्ये येऊन बघा".

तर स्टोअर्समध्ये नाही, पण शेजारच्या खोलीत मी सात वर्षं बसलेय, परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात. सिस्टीम आली तेव्हा तिथेच होते आणि पहिले सहा महिने मीही तुमच्याइतक्याच शिव्या घातल्यात.

आमच्याकडचा हातमोज्यांचा किस्सा सांगते. पीओ निघाला ४० बॉक्सचा. स्टोअर्सने माल मोजून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला २००० जोड्यांचा. व्हेंडरचं बिल आलं ४००० नगांचं. तिघांचंही बरोबर, माल तोच, एकही मोजा कमी नाही की जास्त नाही, आणि सिस्टीमला मात्र तीन वेगळे आकडे दिसले म्हणून बिल होल्डवर. आधी अकाउंट्समधला माणूस असं बिल बघून हसायचा, मागे पेन्सिलीने गुणाकार करायचा आणि पुढे सरकवायचा, अर्धा मिनिट. आता ते १९ दिवस अडकलं, कारण होल्ड कोणी काढायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं, परचेस म्हणे स्टोअर्सने काढावा आणि स्टोअर्स म्हणे अकाउंट्सने. व्हेंडर रोज फोन करायचा, तो मला. शेवटी आयटम मास्टरमध्ये (सिस्टीममधल्या वस्तूंच्या यादीत) एक ओळ भरली, १ बॉक्स म्हणजे ५० जोड्या म्हणजे १०० नग, आणि त्या आयटमचं बिल पुन्हा कधी अडकलं नाही. पण असे आयटम आमच्याकडे हजारो होते हो, आणि त्या ओळी भरायला वेळ आणि माणूस द्यायला हवा हे सिस्टीम घेताना कोणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या पोस्टमध्येही ते नव्हतं, ही माझी चूक, मान्य.

आता मला तुमचं न पटलेलं. तुम्ही म्हणता तीनच्या पाच सह्या सॉफ्टवेअरने केल्या. सॉफ्टवेअर स्वतःहून सही मागत नाही हो, कोणीतरी मीटिंगमध्ये बसून "यांनाही टाका लूपमध्ये" म्हणालेलं असतं! कागदावर चौथी सही घ्यायची तर शिपायाला जिना चढावा लागायचा म्हणून कोणी ती वाढवत नव्हतं, स्क्रीनवर ती फुकट वाटते म्हणून वाढते. आणि मग तो पाचवा साहेब एकदम तीस-चाळीस इंडेंट सिलेक्ट करून मोबाईलवरून अ‍ॅप्रूव्ह ऑल दाबतो, ज्याला तपासणी म्हणायची माझी तरी तयारी नाही.

फोर्ड कंपनीची गोष्ट या सगळ्यावर फार लागू पडते, मॅनेजमेंटचे अभ्यासक मायकेल हॅमर यांनी १९९० साली ती लिहिली तेव्हापासून मॅनेजमेंटवाले ती सांगत आलेत, पण सांगताना मधला भाग गाळतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या नुसत्या बिलं चुकती करणाऱ्या खात्यात ५०० वर माणसं होती. कॉम्प्युटर वगैरे लावून २० टक्के माणसं कमी करू असा बेत होता आणि त्यावर मंडळी खूश होती. मग कळलं की जपानच्या माझदामध्ये हेच काम ५ माणसं करतात. माझदा लहान कंपनी, ते धरूनही हिशोब लागेना. बघायला गेल्यावर दिसलं की फोर्डचा क्लार्क पीओची प्रत, माल मिळाल्याचा कागद आणि बिल घेऊन १४ गोष्टी जुळवत बसायचा आणि त्याचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जायचा, म्हणजे आमचे हातमोजेच. त्यांनी ते जुळवणं फास्ट करण्याच्या भानगडीत न पडता बिलच काढून टाकलं. ऑर्डर डेटाबेसमध्ये, माल गेटवर आला की तिथेच ऑर्डरशी ताडून बघायचा, जुळला तर घ्यायचा आणि चेक आपोआप निघणार, नाही जुळला तर माल परत. जुळवायच्या गोष्टी राहिल्या तीन, पार्ट नंबर, युनिट आणि सप्लायरचा कोड. (युनिट बघा, त्यांनाही सोडता आलं नाही.)

तुमच्याकडे बहुतेक उलटं झालंय, एकही पायरी न काढता सगळा कागद जसाच्या तसा स्क्रीनवर चढवला आणि वर दोन पायऱ्या वाढवल्या. बिल पीडीएफ करून मेलवर मागवलं आणि कोणीतरी ते बघून परत टाईप करतंय, तर ते माझ्या लेखी अजून कागदच आहे.

आणि हो, फोर्डच्या त्याच खात्यात शेवटी ७५ टक्के माणसं कमी झाली. नोकऱ्यांबद्दलची तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे जुळवाजुळव करणारे दोघं आयटम मास्टर सांभाळायला गेले, तिसऱ्याच्या जागी कोणी आलंच नाही. "माणसं फक्त जास्त चांगल्या कामावर जातात" असं लिहिणारे लिहोत, मी बघितलेलं हे असं आहे.

चोरीचं. इथे तर तुम्ही माझ्यापेक्षा बरोबर आहात. २०१३ ते २०१५ मध्ये लिथुआनियाच्या एका माणसाने गूगल आणि फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम खोट्या मेल आणि खोट्या बिलांवर काढली. या दोघांना खरोखर माल देणारी तैवानची एक कंपनी आहे, त्याच नावाची कंपनी त्याने लाटव्हियात रजिस्टर केली, बँकेत खाती काढली आणि बिलं पाठवली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. जगातली भारी सॉफ्टवेअरं बनवणारी माणसं ती! त्यामुळे व्हेंडरचा बँक अकाउंट बदलायची मेल आली की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही, हे काम माझ्या मते माणसाकडेच राहावं.

संबंधांचं मात्र सगळ्या खरेदीला सरसकट लावू नका. खरेदीवर लिहिणारे सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की वस्तूचा पैशातला परिणाम किती आणि ती मिळायला अवघड किती, या दोन्ही बाजूंनी बघून तिची खरेदी वेगळी करा. प्रिंटरचा कागद, पेनं, हातमोजे यात कसले संबंध, दर आधीच ठरवून रेट कॉन्ट्रॅक्ट करा, कॅटलॉगमध्ये टाका, ठराविक रकमेच्या आत कोणाची सहीच नको, दर टक्काभर हलला तरी बिल जाऊ द्या. पण तो एक सील किंवा बेअरिंग, जे एकच जण बनवतो आणि नसलं की मशीन उभं राहतं, त्याला पोर्टलवर ऑनलाईन लिलावात उभं करायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तिथे तुमचा पंधरा वर्षांचा फोनच चालतो, चालू दे.

फोनवर आधी माल आणि मागून पीओ हे आमच्याकडेही होतं आणि सर्क्युलर काढून बंद झालं नाही. कोणते आयटम असे येतात ते तीन महिने लिहून काढलं तर निम्म्याहून जास्त तेच ते दहा-बारा निघाले, सगळे घाईत लागणारे. त्यांचा वर्षभराचा एकच ओपन पीओ (लागेल तेव्हा माल मागवता येईल अशी ऑर्डर) केला, आता फोन केला तरी नियमातच बसतो.

एक काम करा ना. कोणी किती इंडेंट अ‍ॅप्रूव्ह केले आणि किती परत पाठवले याची नोंद तुमच्या सिस्टीममध्ये असणारच, आयटीवाल्याकडून पाचव्या साहेबांचा वर्षभराचा रिपोर्ट काढून घ्या. परत पाठवलेले किती निघतात तो आकडा इथे टाका, मला खरंच बघायचाय. आणि "कागद गेला, कटकट गेली" ही ओळ मी पोस्टमधून आजच काढतेय, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेख करून.