दशांश दिला म्हणजे हिशेब मिटला?

नागपूरच्या सदर, मोहननगर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. पगाराचा दहावा हिस्सा न देणारा ख्रिस्ती माणूस देवाला लुटतो. दिलं तर शंभरपट परत येतं, म्हणून उसने काढूनही द्या. वेळ आणि अंगचे गुण ही दुय्यम अर्पणं. आणि दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास. दशांशाशी माझं भांडण नाही, मीही देतो. भांडण आहे ते या चार विधानांशी.

लुटण्याची भाषा बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली, वचनं ८ ते १०. संदेशाने ती उचलली आणि त्याच अध्यायातलं पाचवं सोडलं. मजुराची मजुरी दाबणारे, विधवा-अनाथांना छळणारे, उपऱ्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहील, असं तिथे आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पैसे महिनोन्‌महिने लटकवायचे आणि रविवारी दशांशाचं पाकीट टाकायचं, हेही या अध्यायात बसतं. पण ते फॉरवर्ड कोण करणार?

शिवाय तो दशांश मुख्यतः धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुरांचा. बायबलच्याच ‘गणना’ पुस्तकाच्या १८ व्या अध्यायाप्रमाणे तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला मिळे, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. ‘अनुवाद’ पुस्तकाचा १४ वा अध्याय तर सांगतो की तो घेऊन जा, देवासमोर घरच्यांसह खा, आनंद करा; आणि दर तिसऱ्या वर्षी गावातच साठवून लेवी, उपरी, अनाथ, विधवा यांना पोटभर जेवू घाला. सॅलरी स्लिपवरचा कोणता आकडा धरायचा, हा आपला वाद मलाखीला कळलाच नसता.

उसने काढून देण्याबद्दल. यरुशलेममधल्या गरजवंतांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला टक्केवारी सांगत नाही. माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नाही त्या मानाने नव्हे, एवढंच म्हणतो (२ करिंथ ८:१२). येशू तर आणखी कडक. आईबापांच्या कामी येणारा पैसा देवाला वाहिलाय, असं म्हणून हात वर करणाऱ्यांना त्याने मार्क ७ मध्ये खडसावलं आहे. आईची औषधं उधारीवर आणि पाकीट मात्र भरगच्च, याला तो काय म्हणाला असता ते वेगळं सांगायला नको.

शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे. घरं, भाऊ, बहिणी, शेतं, आणि त्याच यादीत छळणूकही. देवाला भिशी समजणाऱ्याला ही शेवटची बाब गाळावीच लागते.

राहिले वेळ आणि गुण. मत्तय २५ मधला धनी चाकरांच्या हाती तलांत सोपवतो. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, मजुराची जवळपास वीस वर्षांची कमाई. परत आल्यावर तो दहाव्या भागाचा नव्हे, सगळ्याचा हिशेब घेतो. उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय केलं, हा प्रश्न संदेशकर्त्याला पडलेलाच नाही. नागपूरकराने इथे स्टीफन हिस्लॉप आठवावेत. मिशनरी म्हणून आले, शाळा काढली, पण त्याचबरोबर आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांबद्दल टिपणं केली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. टिपणं १८६६ मध्ये इंग्रज प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी छापली. १८८३ साली सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. यातलं ‘प्रभूचं काम’ कोणतं आणि दुय्यम कोणतं, हे संदेशवाल्याने वेगळं काढून दाखवावं.

आता हिशेबाचं. एवढी मोठी रक्कम हाताळताना कुणी बोट दाखवू नये, म्हणून पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला. देवासमोर जे योग्य ते माणसांसमोरही योग्य असावं, हे त्याचं कारण (२ करिंथ ८:१९-२१). आपल्याकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या कायद्याने हिशेब ठेवावाच लागतो. पाळकसाहेबांवर विश्वास असणं आणि वार्षिक सभेत ताळेबंद मागणं यात विरोध कसला? उपासनेनंतर पाकिटं मोजायला एकटा खजिनदार बसत असेल, तर शेजारी आणखी दोघांना बसवा. प्रामाणिक खजिनदाराला त्याने हायसंच वाटेल.