सावलीची उंची

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटांचा हिशेब चालू आहे. पडलेला पस्तीस फुटी होता. त्या जागी आणखी उंच उभा राहिला म्हणून काका खूश, तर मामेभाऊ अजून गंजलेल्या नटबोल्टांवर अडलेला. ब्राझीलमधल्या साओ पावलोत बसून हे वाचताना मला इथल्या चित्रकार रेजिना सिल्वेरा आठवतात. (इथे ‘हेजिना’ म्हणतात, माझी जीभ वळायला वर्ष गेलं.)

बाईंचा जन्म १९३९ चा, पोर्तो आलेग्रेचा. इबेरे कामार्गोंकडे चित्रकला शिकल्या, पोर्तो रिकोत शिकवलं आणि १९७० च्या दशकात, लष्करी राजवटीतच, साओ पावलोत प्राध्यापक झाल्या. त्यांचा विषय सावली. १९८३ च्या बिएनालमध्ये, म्हणजे साओ पावलोत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी चौथरे रिकामे ठेवले आणि पसरल्या त्या फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँच्या गाजलेल्या वस्तूंच्या नुसत्या काळ्या सावल्या.

पण मला घट्ट धरून ठेवते ती १९९४ ची मांडणी, ‘संताचा विरोधाभास’. घोड्यावर बसलेला छोटासा लाकडी संत, कुणाच्याही देव्हाऱ्यात मावेल असा. त्याच्या पायापासून निघून जमीन आणि भिंत व्यापणारी सावली मात्र संताची नाही. ती आहे ड्यूक ऑफ काशियसच्या, म्हणजे ब्राझिलियन सैन्याच्या आराध्य सेनापतीच्या, अश्वारूढ स्मारकाची. मूर्ती भक्ताची, सावली सरकारची.

हे ग्रुपवर लिहिलं तर काका म्हणाले, “तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.” त्यांचं निम्मं खरं आहे. काशियससाठी इथे कुणाचा गळा दाटून येत नाही. त्याचा पुतळा आहे त्या चौकात २०२२ मध्ये व्यसनात बुडालेल्या बेघरांनी मुक्काम ठोकला होता, तेव्हाही पुतळ्याची काळजी करताना मला कुणी भेटलं नाही. महाराजांचं तसं नाही. पण म्हणूनच विचारावंसं वाटतं, की नव्या पुतळ्याची सावली कुणाची पडते? मंत्र्यांची, कंत्राटदाराची, की महाराजांची?

राजकोटासमोरच पाण्यात सिंधुदुर्ग आहे. तिथे चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा महाराजांचा म्हणून दाखवतात. शाळेच्या सहलीत रांगेतून मागून धक्के बसत होते, तरी मी माझा तळवा त्याच्यासमोर धरून पाहिला होता.