हे पोलाद ‘तेच’ नाही

‘अ‍ॅक्शनपटातल्या खंजिराची ही प्रतिकृती शेकडो वर्षांपूर्वीच्या त्याच दमास्कस पोलादाची आहे’ हे खंजिरांच्या प्रतिकृतींवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य थेट जाहिरातीतून उचललेलं वाटतं. दमास्कस म्हणजे अंगावर लाटांसारखी नक्षी असलेलं पोलाद. जुन्या पात्यांचं असं पोलाद दक्षिण भारतात मुशीत वितळवून करत. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं. त्यावरची नक्षी पोलादातल्याच कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाच्या) पट्ट्यांची. हल्लीचं ‘दमास्कस’ म्हणजे दोन पोलादं, बहुधा १०९५ या प्रतीचं आणि निकेल असलेलं १५एन२० या प्रतीचं, थरावर थर रचून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या रसायनात बुडवलं की निकेलवाला थर चकचकीत राहतो, दुसरा काळवंडतो. काम मेहनतीचंच आहे, पण चीज वेगळी! आणि स्वस्तातल्या मालात तर साध्या स्टेनलेसवर नुसती नक्षी कोरलेली असते. पात्याची पाठ (धारेसमोरची बोथट कड) बघा, रेषा तिथून पलीकडे गेलेल्या दिसल्या नाहीत तर पैसे खिशातच ठेवा.

देखभालीबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. माझ्याकडे असा एक खंजीर आहे. पावसाळ्यात चामड्याचं म्यान ओल धरतं आणि मुठीलगत आधी तांबूस ठिपके उठतात. मी पातं म्यानाबाहेर, मिनरल ऑइलचा हात फिरवून, सुती फडक्यात ठेवतो.