‘नळ बंद करायला शिकवून काय होणार?’ या मेसेजला नववीच्या वर्गातून उत्तर

गेल्या काही दिवसांपासून पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे, पाणी चक्रात फिरतं, ते संपत नाही. देशातलं ८०-९० टक्के पाणी शेतीला जातं, तेव्हा मुलांनी दात घासताना नळ बंद केला काय आणि न केला काय, सारखंच. पाण्याचे हाल आफ्रिकेत, फार तर मराठवाड्यात. नागपूरला पेंच नदी आहे. तेव्हा नववी-दहावीच्या मुलांचा वेळ ‘पाणी वाचवा’त घालवण्यापेक्षा त्यांना गणित शिकवा.

मी नागपुरातल्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे पालक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच मान्य करते. २२ मार्चला जागतिक जलदिनाची पोस्टर्स रंगवून घ्यायची, भिंतीवर डकवायची आणि विषय संपला म्हणायचं, याने काहीही साधत नाही. त्यावर तुमचा राग असेल तर तो रास्त आहे. मेसेज मात्र तिथे थांबत नाही.

‘पाणी संपत नाही.’ एकूण पाणी जवळपास तेवढंच राहतं, हे खरं. त्यातलं ९७.५ टक्के खारं आहे आणि उरलेल्या अडीच टक्क्यांतलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं आहे. चक्राचं म्हणाल तर नाग नदीच्या कुठल्याही पुलावर पाच मिनिटं उभं राहा. आपल्या मोऱ्यांमधलं पाणी तिथून वाहतं, कन्हानला मिळतं, पुढे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या धरणात जातं. फिरून आलं ते पाणीच, पण कुठल्या रूपात आणि कुणाच्या वाट्याला? शिवाय हे चक्र आपली सोय बघून फिरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्या पाण्याने मे महिन्यात कुणाची तहान भागवली नाही.

‘८०-९० टक्के शेतीला जातं.’ देशाचा आकडा म्हणून हे ढोबळमानाने बरोबर आहे. निष्कर्ष चुकला आहे, आणि तो का चुकला हे नागपूरकरांना तर सहज कळायला हवं. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या पेंचवरच्या धरणांचं जे पाणी आपण पितो, त्याच पेंचच्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौदा तालुक्यांतलं धान उभं असतं. धरण भरलेलं असलं की दोघांचंही भागतं. साठा खाली गेला की आधी पिण्याचं आरक्षण, मग शेतीचं आवर्तन. ते तसंच असायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा अर्थ असा की तुटीच्या वर्षी शहरात गळलेलं पाणी रोवणी झालेल्या बांधीत कमी पडतं. देशाच्या टक्केवारीत आपला वाटा लहान दिसतो. पेंचच्या शेतकऱ्याला तो लहान वाटत नाही.

आणि शेतीचं पाणी कोण वापरतं? माणसंच. माझ्या वर्गात अर्ध्या मुलांची शेती गावाकडे आहे. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात उपसा इतका झाला की बोअर खोल खोल जात राहिल्या; ‘आजोबांची विहीर आता नुसती बघायला आहे’ असं मुलंच सांगतात. उद्या ठिबक लावायचं की नाही, बोअर मारायची की शेततळं करायचं, हे यांच्यातलीच कुणीतरी ठरवणार. शेतीला जास्त पाणी लागतं म्हणून तर हा विषय शाळेत जास्त शिकवायला हवा.

इथे थोडं विषयांतर करते. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा मुलं इंटरनेटवरून हमखास आणतात. तो जागतिक सरासरीचा आहे. विदर्भातली कपाशी बहुतांश कोरडवाहू, म्हणजे त्यातलं पुष्कळसं पाणी शेतावर पडलेला पाऊसच असतो. धरणातून सोडलेलं पाणी आणि आभाळातून पडलेलं पाणी एकाच बादलीत मोजलं की शेतकऱ्यावर नाहक बोट ठेवलं जातं. वर्गात यावर पूर्ण तास गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

‘हा आफ्रिकेचा प्रश्न, नागपूरला पेंच आहे.’ जुलै २०१९ विसरलात का? तोतलाडोहचा साठा मृत पातळीला, म्हणजे एरवी धरणातून सोडता येत नाही त्या तळाच्या पाण्यापर्यंत, गेला होता आणि अख्ख्या शहराला एक दिवसाआड पाणी मिळत होतं. पाऊस लांबला हे एक कारण. दुसरं म्हणजे वर छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराई धरण झालं आणि खाली येणारा ओघ घटला. ‘आपल्याला पेंच आहे’ म्हणताना पेंच फक्त आपलीच नाही, एवढं तरी मुलांना ठाऊक असावं.

जगाचा भाग मी नकाशावरून शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून पाण्याच्या सोयीची एक शिडी मांडतात. सगळ्यात वरची पायरी: पाणी घरात, हवं तेव्हा, आणि शुद्ध. त्याखाली: सुधारित स्रोत आहे, पण रांगेसकट जाऊन येऊन अर्ध्या तासाच्या आत. अर्ध्या तासाहून जास्त लागला तर आणखी खालची पायरी, ‘मर्यादित’. त्याखाली उघडी विहीर, नदी, तळं. २०२२ च्या आकड्यांनुसार जगात सुमारे २२० कोटी लोक सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत पोचलेले नव्हते. हे सांगून झाल्यावर मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही. घरी पाणी कुठून येतं, केव्हा येतं, आणायला किती वेळ लागतो, एवढंच.

बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नळ’ आणि वेळेच्या जागी रेघ. मग एक निघाली: ‘टँकर. एक दिवसाआड. रांगेत ४० मिनिटं. आई ड्युटीवर असली की मी भरते.’ शहराच्या कडेला लेआउट पडले, घरं झाली, पाइपलाइन पोचायची राहिली, तिथली ती. वर्ग एकदम शांत झाला. शिडीवर ही चिठ्ठी ‘मर्यादित’मध्ये बसत होती. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅम, हे तर आपल्याच वर्गातलं होय न?” ती कोण, हे कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने एक मुलगा स्वतःहून म्हणाला की त्यांच्या घरी नळाला टुल्लू पंप लावतात, मग गल्लीच्या टोकाच्या घरांत धार कमी येत असेल का? येते, म्हटलं. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पाणी हा मानवी हक्क मानला, हे वाक्य मी त्या दिवशी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते परीक्षेपुरतं पाठ झालं असतं.

२०१८ मध्ये दुष्काळामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या नागरिकांवर माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली होती. आपल्याकडे शहरी पुरवठ्याचा मानक १३५ लिटरचा. एप्रिलमध्ये काही मुलांनी घरी एक दिवस ५० लिटरमध्ये काढून बघितला. एकीच्या वहीत नोंद आहे: ‘कूलरची टाकी दोनदा भरली. माझे ५० तिथेच संपले.’ उन्हाळ्यात नागपूरकराला कूलर बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. पण तो किती पाणी पितो हे आता तिला ठाऊक आहे, आणि बाष्पीभवनाने हवा थंड कशी होते हेही तिने विज्ञानाच्या सरांकडून समजून घेतलं.

‘त्यापेक्षा गणित शिकवा.’ तेच करतोय. जलसुरक्षा हा विषय नववी-दहावीला आहेच. त्याला गुण नाहीत, श्रेणी आहे, म्हणून तो बऱ्याच ठिकाणी उरकला जातो. आम्ही शाळेच्या हातपाय धुण्याच्या नळाखाली मोजपात्र ठेवलं. दहा मिनिटांत १५० मिलिलिटर. मुलांनी गुणाकार केला: दिवसाला २१.६ लिटर, वर्षाला जवळपास ७९०० लिटर, एका वायसरपायी. मग टेप घेऊन छत मोजलं: २५ मीटर बाय २० मीटर. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरला तर त्या छतावर ५ लाख लिटर पाणी पडतं. सगळं साठवता येत नाही, पहिला पाऊस सोडून द्यावा लागतो, काही उडून जातं. हे मुलांनी वहीत लिहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे पोचली, तिच्या दहा वाघिणींत साधारण ५ लाख लिटरच पाणी होतं. ही जुळणी मी दाखवली नाही. गणितात जेमतेम पास होणाऱ्या एका मुलाने ती शोधून आणली.

या शनिवारी सकाळी आठ वाजता नववीची मुलं शाळेच्या टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत सगळी गळती मोजणार आहेत. मेसेज पाठवणाऱ्या पालकांनी जरूर यावं. मोजपात्रं आमच्याकडे सहाच आहेत, जमलं तर घरून एक घेऊन या.